एक इसम, वय अंदाजे चाळीस

अण्णा,

सोमवारी दुपारी तुमच्या खात्यातला एक माणूस माझ्या घरी येऊन गेला. ओळखपत्र त्यानं दाखवलं, पण त्याआधीच मी ओळखलं होतं. बेल वाजवून तो दारासमोर उभा राहिला नाही. एक पाऊल बाजूला सरकून, जिना आणि फाटक दोन्ही दिसतील असा उभा राहिला. तुम्ही कुणाच्या घरी गेलात की असेच उभे राहायचात आणि आई म्हणायची, अहो, दारात सरळ उभे राहा की, चोरासारखे कोपऱ्यात काय! हा माणूस पस्तिशीचा, हातात हेल्मेट, बोलायला अगदी गोड. ‘मावशी, मुलीच्या पासपोर्टचं व्हेरिफिकेशन,’ म्हणाला. मी त्याची वाटच बघत होते. तुमची नात माणला एका आयटी कंपनीत आहे. कंपनी तिला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवणार आहे, पण महिनाअखेरपर्यंत पासपोर्ट हातात नसेल तर तिच्या जागी दुसऱ्याला पाठवतील. म्हणून मी त्याला पाणी दिलं, पोहे केले, लाइटबिल आणि शाळा सोडल्याचा दाखला पुढे ठेवला. त्यानं सगळं नीट पाहिलं, दोन ठिकाणी माझी सही घेतली आणि पेन खिशात ठेवलं. पेन खिशात गेलं आणि मी सावध झाले. खरा प्रश्न पेन मिटल्यावर विचारायचा, माणूस तेव्हा सैल होतो, हे मला तुम्हीच हसत हसत सांगितलं होतं.

‘वर कोण राहतं, मावशी?’ त्यानं विचारलं. मी सांगितलं, भाडेकरू आहे, लातूरकडची बाई, एकटीच असते, चाकणकडे निघोज्याच्या बाजूला कंपनीत कामाला जाते. ‘चांगली आहे?’ चांगली आहे. ‘रविवारी तिच्याकडे बायका येतात म्हणे.’ येतात. ‘किती?’ मी म्हटलं, मी काही मोजत नाही. अण्णा, हे धडधडीत खोटं होतं. पाच येतात. जिन्याखाली पाच जोड चपला असतात, त्यातली एक जाड तळव्याची, पाय अधू असलेल्या बाईची. रविवारी देवपूजा करून तुळशीला पाणी घालायला बाहेर आले की माझी नजर आधी त्या चपलांवर जाते. बंद खोलीतल्या बैठकीत शिरता येत नाही तेव्हा बाहेरच्या चपला मोजायच्या, हीसुद्धा तुमचीच शिकवण. माझी खोड कधी गेलीच नाही.

तो उठता उठता म्हणाला, ‘मावशी, तुम्ही तर आमच्याच घरातल्या.’ त्याला तुमचं नाव माहीत होतं. रेकॉर्डच्या खोलीत तुमचे जुने रिपोर्ट त्यानं पाहिलेत. ‘काय अक्षर होतं तुमच्या वडलांचं! आता असं कुणी लिहीत नाही,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘गुरुवारी येतो. तोवर त्या बायकांची नावं आठवून ठेवा, बाकी काही नको. मुलीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, काळजी करू नका.’ काळजी करू नका हे शब्द तुम्ही किती घरांत म्हणाला असाल, ते मला त्या दिवशी कळलं.

वरच्या बाईबद्दल तुम्हाला सांगायला हवं. पस्तीस-छत्तीसची असेल. नवऱ्यानं टाकलेली. गाड्यांच्या वायरी बांधायच्या कामावर आहे, दिवसभर उभं राहून. सात महिने झाले की कंत्राटदार या बायकांना काढतो, पंधरा दिवस घरी बसवतो आणि पुन्हा नव्यानं घेतो, म्हणजे कायम होण्याचा प्रश्नच नको. सहा वर्षं हेच चाललंय. आता ती आणि रविवारी येणाऱ्या पाचजणी मिळून काहीतरी अर्ज करणार आहेत, युनियनचंही बोलणं चाललंय. मला ती काही लपवत नाही. जिन्यावर बसून भाजी निवडता निवडता सगळं सांगते, कोण कुठली, कुणाचं घर कुठं, कुणाची सासू कशी. मी विचारते म्हणून सांगते. मला विचारायची सवय आहे.

तुम्ही आम्हाला खात्याचा इतिहास सांगायचात, तो शाळेच्या पुस्तकात नव्हता. रविवारी चाळीच्या मागं दोरीवर कपडे वाळत घालताना तुम्ही बोलत असायचात. तुम्हाला काम शिकवणारा म्हातारा जमादार इंग्रजांच्या वेळचा. पांढऱ्या टोपीवाल्यांच्या सभेत तो पहिल्या रांगेत टेबल टाकून बसायचा आणि भाषण उतरवून घ्यायचा. बोलणारे त्याला ओळखायचे, एखादा तर थांबून विचारायचा, जमादार, आलं का लिहून, पुढं बोलू का? पोस्टात किटलीच्या वाफेवर पाकिटं उघडून वाचायची आणि पुन्हा अशी चिकटवायची की बायकोलाही कळू नये. मग स्वातंत्र्य आलं. झेंडावंदनाच्या सकाळी जमादाराला उभं केलं, आणि ज्या माणसाची पत्रं त्यानं आठ वर्षं फोडली त्याच माणसाला त्यानं सलाम ठोकला. घाबरला होता बिचारा, नोकरी जाते म्हणून. नोकरी गेली नाही. चार दिवसांत निरोप आला, आता अमक्यातमक्याची फाइल उघडा. ‘साहेब बदलले, कपाट तेच राहिलं,’ असं तुम्ही म्हणायचात. चीनच्या लढाईत खबर कमी पडली म्हणून वरती बोंब झाली, पुढं पाकिस्तानची लढाई झाली, मग देशाबाहेर बघणारे वेगळे केले आणि घरात बघणारे वेगळे. तुम्ही घरात बघणारे. मला लहानपणी वाटायचं, आपले अण्णा शत्रूचे हेर पकडतात. तुम्ही तर कंपन्यांच्या गेटवर चहाच्या टपरीपाशी उभे असायचात.

आणीबाणीत तुमचे केस पिकले. आई सांगायची. वरून रोज विचारणा व्हायची, आज कोण? आज कुणी नाही असं लिहिलेलं चालत नव्हतं. तेव्हा तुम्ही तुमची पद्धत काढलीत. जे बोललं गेलं ते शब्द न शब्द खरं लिहायचं, पण बोलणारा गरीब, लेकुरवाळा असला की त्याचं नाव ठाऊक नसल्यासारखं करायचं. ‘एक इसम, वय अंदाजे चाळीस, अंगात निळा शर्ट.’ सरकारला खबर मिळाली आणि माणसाच्या घरातली चूलही विझली नाही. साहेब रागवायचे, तुला नावं कशी कळत नाहीत रे? तुम्ही मान खाली घालायचात. मठ्ठ हवालदार अशी तुमची ख्याती झाली आणि बढती कायमची हुकली. हे सगळं मला पुढे कळलं, उशिरा. मी दहावीत असताना कुणी सांगितलं असतं तर!

तुमचं अक्षर म्हणजे मुंग्या. साहेबांना वाचता येईना म्हणून तुम्ही मला बसवलंत. सकाळी साडेसहाला, शाळेआधी, स्वयंपाकघरात स्टोव्ह फुरफुरतोय, आई भाकऱ्या थापतेय, आणि मी पाटावर वही ठेवून तुमच्या चिठोऱ्यांवरून रिपोर्ट स्वच्छ करतेय. ‘सविनय सादर की’ इथून सुरुवात. मला फार अभिमान वाटायचा. वर्गातल्या कुठल्या मुलीच्या हातचा कागद सरकारात जात होता? तुम्ही मला एकदा शाईचं पेन आणून दिलंत, सोनेरी टोपणाचं. घरात कुणाला नवी चप्पल मिळत नव्हती त्या वर्षी. त्या पेनानं मी तुमचं खातं चालवतेय असंच मला वाटायचं.

त्या वर्षी आपल्याशेजारच्या मोठ्या कारखान्यात संप होणार अशी कुणकुण होती. आपल्या चाळीत चार दारं सोडून लेथवर काम करणारे काका राहायचे. मला बीजगणित त्यांनीच शिकवलं, खडूनं फरशीवर आकडे मांडून. त्यांच्या घरी मी जाऊन-येऊन जेवायचे. एका सकाळी तुमच्या चिठोऱ्यावर होतं, ‘एका इसमाने गेटवर उभे राहून, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, असे सांगितले. वय अंदाजे चाळीस, डाव्या हाताची करंगळी नाही.’ करंगळी नसलेले काकाच. मला वाटलं, अण्णांना घाईत आठवलं नसेल. बाई शाळेत म्हणायच्या, उत्तर अपुरं ठेवाल तर अर्धेच मार्क. मी ‘एका इसमाने’ खोडलंसुद्धा नाही. पहिल्यापासूनच तिथं काकांचं नाव घातलं, आडनाव घातलं, खोलीचा नंबर घातला. किती नीटनेटकं दिसलं ते! तुम्हाला त्या दिवशी उशीर झाला होता. तुम्ही न वाचता सही केलीत आणि सायकल काढलीत.

आठव्या दिवशी काकांना बसस्टॉपवरून नेलं. महिनाभर आत होते. सुटून आले तर गेटवर नोटीस, कामावरून कमी. काकू दोन ट्रंका आणि पोरं घेऊन गावी गेल्या. जाताना आपल्या दारावरून गेल्या, आत बघितलं नाही. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं साध्या कपड्यातला पोलीस कोण ते. त्या संक्रांतीला आईला हळदीकुंकवाचं एक बोलावणं आलं नाही. एके सकाळी ती तव्यावरची भाकरी तशीच सोडून तुम्हाला म्हणाली, ‘पोरीला शिकवलं हो त्यानं तुमच्या. त्याचं घर मोडताना हात कसा धजला?’ मी पाटावर बसलेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. किती वेळ बघितलंत मला सांगता येणार नाही, पण भाकरी जळाल्याचा वास सुटला. मग चहाचा कप तोंडाला लावून म्हणालात, ‘नोकरी आहे ती.’ बस. मला वाटलं होतं ओरडाल, हात उगाराल. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘उद्यापासून रिपोर्ट राहू दे. दहावी आहे तुझी.’ तीस वर्षं आई तुम्हाला त्या माणसावरून बोलत राहिली, तुमच्या शेवटच्या आजारातसुद्धा, औषध पाजताना. तुम्ही कधी माझं नाव घेतलं नाहीत. मीही तोंड उघडलं नाही. रोज पोथी वाचते, एकादशी मोडत नाही, देहूला जाऊन नदीकाठी बसते, आणि आईला हे सांगायचं मात्र मला एकदाही जमलं नाही. आता तीही नाही.

म्हणजे त्या माणसानं वाखाणलेलं अक्षर कुणाचं ते तुम्हाला कळलं असेल.

सोमवारी रात्रीच मी यांना सांगितलं. तुमचे जावई रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोरून हलत नाहीत. म्हणाले, ‘सांग की मंग नावं! आपल्याला काय करायचं हाय? पोरीचं काम आडलं न्हाई पायजे.’ मी म्हटलं, त्या बायकांचं काम जाईल. ‘जाईल तर जाईल. चाकणला कंपन्या कमी हायेत व्हय? अन तुझा बाप जन्मभर ह्येच करत व्हता न्हवं? तवा न्हाई लाजलीस.’ असं बोलले आणि आवाज वाढवून बातम्या ऐकायला लागले. मंगळवारी लेकीचा फोन, ‘आई, तो माणूस येऊन गेला ना? मग अजून पेंडिंग का दाखवतंय?’ मी म्हटलं, होईल गं. ‘काही विचारलं का त्यानं?’ लाइटबिल विचारलं. बुधवारी पुन्हा फोन. देवापुढे बसले तर जपाच्या मण्यांबरोबर त्या पाचजणींची नावं एकेक पुढे सरकायला लागली. माळ ठेवून दिली.

गुरुवारी तो बरोबर तीन वाजता आला. पोहे केले नाहीत, पाणी दिलं. त्यानं या वेळी पेन काढलंच नाही. ‘आठवलं का, मावशी?’ मी उभीच होते. म्हटलं, ‘सोमवारी मी खोटं बोलले. मोजत नाही म्हटलं, पण मी मोजते. नावंही मला ठाऊक आहेत. पण मी सांगणार नाही.’ तो हसला. ‘मावशी, कुणाला फाशी द्यायची नाहीये. नुसती नोंद असते.’

‘नोंद काय असते ते मला शिकवू नका. मी तुमच्या जन्माआधी केलीय.’

पाण्याचा ग्लास त्यानं खाली ठेवला, बराच वेळ मोबाइल चाळला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘मग मला लिहावं लागेल की घरमालकीण सहकार्य करत नाही.’ ‘लिहा,’ मी म्हटलं, ‘माझं पूर्ण नाव लिहा, घरनंबर घाला.’ ‘आणि मुलीचं?’ ‘मुलीचं जे खरं आहे ते लिहा. तिच्यावर काही असेल तर दाखवा.’ हेल्मेट घालताना तो म्हणाला, ‘तुमचे वडील असते तर त्यांनी सांगितलं असतं हो.’ मला त्याला सांगावंसं वाटलं की माझे वडील खात्यातले सगळ्यात मठ्ठ हवालदार होते. पण तो फाटकाबाहेर गेला होता. आज शुक्रवार, लेकीचा कागद अजून तिथंच आहे. तिला मी काही कळवलेलं नाही.

इथंच थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं, मलाही. पण काल संध्याकाळी वरची बाई कामावरून आली, पायातले बूट काढत होती. मी तिला जिन्यापाशीच गाठलं आणि सगळं सांगितलं, तो माणूस, दोन खेपा, पासपोर्ट. तुमच्या खात्याच्या दृष्टीनं हा गुन्हाच. मला वाटलं ती हबकेल. ती हसली. ‘काकू, तो माणूस आमच्या गेटवर रोज चहा पितो. आमाला म्हाईताय की. गोड बिस्किट बुडवून खातो.’ मग तिचं हसणं थांबलं. ‘तुम्ही काय सांगितलाव त्याला?’ काही नाही, म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. ‘ताईचं जायचं अडलं का मग माझ्यापायी?’ मी तिचे बूट भिंतीकडे सरकवले. मग ती म्हणाली, ‘काकू, मी खोली सोडू का?’

अण्णा, त्याला नाही म्हणताना मला जेवढं बळ लागलं, त्याच्या पाव हिश्शात हिला नको म्हणून झालं असतं. राहा गं, एवढे दोनच शब्द. मी म्हटलं, ‘गॅसवर दूध आहे,’ आणि आत आले. गॅस बंद होता.

आज तिची सुट्टी नाही, तरी ती कामावर गेलेली नाही. सकाळपासून वर सामान सरकवल्याचे आवाज येताहेत. आता काहीतरी जड ओढतेय, बहुतेक कपाट. ती गेली तर तो माणूस पुन्हा इथं येणार नाही, लेकीचा कागद सुटेल, मी कुणाचं नाव घेतलं नाही असं देवापुढे म्हणता येईल. सगळं कसं स्वच्छ. आणि नवी खोली शोधताना तिला दारोदार विचारतील, आधीची का सोडली? आमचे हे वर बघून म्हणाले, ‘जातीय वाटतं. बरं झालं.’

चौदा पायऱ्या आहेत. हे पत्र पोस्टात जायचं नाही हे पहिल्या ओळीलाच ठाऊक होतं, आणि तुमच्याशी बोलायची एवढी ओढ होती असंही नाही. खरं सांगू? मला वर जावं लागू नये म्हणून मी लिहायला बसले.